पालथ्या डोणीची शीळ

मित्रांनो, शेगावातून बाहेर पडणाऱ्या एका जुन्या गाडीवाटेवर, मोतीरामांच्या शेताच्या बांधाजवळ, एक लांबट काळा दगड पालथा पडलेला तुम्हांला दिसेल. अनेकांना तो टाकून दिलेला उंबरठा वाटतो. तो उंबरठा नव्हे, ती मी आहे. जनावरांनी पाणी प्यावं म्हणून कोरलेली मी एक दगडी डोणी. माझं पोट जमिनीकडे वळलेलं आहे, म्हणून तुम्ही मला ओळखत नाही.

संग्रामपूरकडच्या एका पाथरवटानं सातपुड्याच्या पायथ्याच्या दगडातून मला घडवलं. घडवून झाल्यावर त्यानं माझ्या एका बाजूला, तळालगत, अंगठा जाईल एवढं भोक पाडलं. त्यात चिंध्यांचा बोळा ठोकायचा आणि पाणी भरायचं. पाणी शिळं झालं, की बोळा काढून सोडून द्यायचं. मला बैलगाडीत चढवताना तो मोतीरामांच्या वडिलांना एवढंच म्हणाला, "जनावर बोलत नाई पाटील. त्याले शिळं पानी पाजू नका."

त्या शेतात नळ नव्हता, आणि कधी येईल असं कोणाला वाटतही नव्हतं. विहीर होती, मोट होती. बैल उतरणीला लागले, की मोट विहिरीकाठच्या थारोळ्यात, म्हणजे दगडी कुंडीत, रिती होई आणि पाटानं वाहणारं पाणी आधी माझ्याकडे येई, मग पिकाकडे जाई. पहिलं पाणी डोणीचं, हा त्या घरचा नेमच होता.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. त्या सुमारास हैदर टांगेवाल्याची घोडी माझ्याकडे येऊ लागली. हैदर स्टेशनावरून भाविकांना देवळापर्यंत पोचवत असे. त्याच्या गल्लीत घोडी बांधायला जागा नव्हती, म्हणून मोतीरामांनी पडीक तुकडा तिच्यासाठी मोकळा ठेवला. घोडीची लीद शेताला आणि शेताचं पाणी घोडीला, असा तो साधा व्यवहार होता. तिचं नाव हिरणी.

मित्रांनो, बैल तहानेपोटी गढूळ पाणीही पितो. घोडा तसा नसतो. हिरणी आधी हुंगायची, मग ओठ टेकवायची, मग आवाज न करता प्यायची. उन्हातून आली असेल, तर हैदर आधी तिला फिरवून निववायचा आणि पाण्यावर मूठभर गवत पसरायचा, म्हणजे ती घाईनं ढोसत नसे. मग तो एक हलकी, लांब शीळ घालायचा. घोड्याला पाणी दाखवून शीळ घालायची, ही त्याच्या वडिलांपासूनची रीत. शिंगरू असल्यापासून हिरणीला ती शीळ ठाऊक होती. शीळ म्हणजे पाणी चांगलं आहे, आता पी.

"हैदरभाऊ, तुमची घोडी नवरीपक्षा नखऱ्याची हाय," मोतीराम मोटेवरून म्हणायचे. "वाजंत्री वाजल्याबिगर पंगतीले बसत नाई."

"अन् तुमचे बैल? शिव्या खाल्ल्याबिगर एक मोट वढत नाईत," हैदर म्हणायचा. हिरणी पीत राहायची. तिचे ओठ माझ्या काठाला लागत, तेव्हा मला दगड असल्याचा विसर पडे.

मग एका वर्षी कपाशीवर अळी पडली. गावात फवारणीचं औषध आलं. ते विष होतं, पण सगळे त्याला औषधच म्हणत. पिंपात कालवा, असं सांगितलेलं होतं. मोतीरामांचं पिंप मात्र त्या दिवशी एका लग्नघरी गेलं होतं. अळी काही लग्न संपेपर्यंत थांबणार नव्हती. मोतीरामांनी औषध माझ्यात ओतलं आणि वरून पाणी घातलं. औषधाची पहिली, निखळ धार भोकाजवळच पडली. बोळ्यानं ती शोषून घेतली.

फवारणी आटोपल्यावर त्यांनी बोळा उपसून काठावर टाकला. त्यांची बायको रुखमाबाई राख आणि काथ्या घेऊन आली. तिनं मला घासलं, धुतलं, पुन्हा घासलं. तिचे कोपर दुखू लागले, तरी ती थांबली नाही. शेवटी समाधान झालं, तेव्हा तिनं काठावरचा तोच बोळा उचलला, भोकात ठोकला आणि मला विहिरीच्या ताज्या पाण्यानं भरलं.

दुपारच्या गाडीची सवारी सोडून हैदर आला. त्यानं हिरणीला फिरवलं, निववलं, माझ्यापाशी आणलं. ती वाकली आणि हुंगून तिनं मान वर केली. नाकपुड्या फुलवून ती हैदरकडे पाहत उभी राहिली.

"काऊन व माय, का झालं?" हैदर म्हणाला.

"डोनी म्या राखेनं घासली भाऊ," रुखमाबाई म्हणाली. "औषध कालवलं होतं, पन आता ठिपूस नाई राह्यला."

हैदरनं हवेत नाक लावलं. सगळ्या शेतालाच तो उग्र दर्प होता. "हा कपाशीचा वास येऊन राह्यला तिले," तो म्हणाला. "पानी तं चांगलं हाय."

त्यानं शीळ घातली. हिरणी हलली नाही. त्यानं तिच्या मानेवरून हात फिरवला आणि पुन्हा शीळ घातली. नेहमीपेक्षा लांब, नेहमीपेक्षा मायेची. हिरणीनं कान मागे पाडले आणि ती प्यायली.

दिवस कलण्याआधी तिचे पाय थरथरू लागले. ती पडली. हैदरनं ताक पाजलं, तूप पाजलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं. संध्याकाळची गाडी येऊन गेली, पण टांगा तिकडे फिरकला नाही. हिरणी मेली, तेव्हाही तिचे डोळे हैदरकडेच होते.

मोतीरामांनी माझा बोळा खेचून काढला, नाकाशी नेला. त्याला औषधाचा दर्प होता. रुखमाबाईनं बोळा पाहिला. "हाच बोळा म्या ठोकला," ती म्हणाली.

"वहिनी, तुमी तं घासली होती," हैदर म्हणाला. "मोतीरामभाऊ पिकासाठी झटले. घोडी बी तं नाई म्हनून राह्यली होती. मीच तिले पी म्हनलं."

दुसऱ्या दिवशी मोतीराम आणि हैदर या दोघांनी पहारी लावून मला पालथं केलं. त्यानंतर पाट बदलला. पुढे मोटेच्या जागी इंजिन आलं. हैदरनं दुसरं जनावर घेतलं नाही. तो धान्याच्या दुकानात हमाली करू लागला.

मित्रांनो, पालथी झाल्यापासून माझं ते भोक वर उघडं आहे. वारा सुटला, की त्यातून हलकी, लांब शीळ निघते. एकदा हैदर या वाटेनं चालला होता. शीळ ऐकून तो थांबला. त्याचा हात आपोआप वर गेला, एखाद्या मानेवरून फिरवावा तसा हवेत फिरला आणि खाली आला. त्यानंतर तो लांबच्या वाटेनं जाऊ लागला. रुखमाबाईनं ऐकलं, तेव्हा तिनं भोकात चिंधी कोंबली. घरापर्यंत जाऊन ती परत आली आणि चिंधी स्वतःच्या हातानं उपसून घेऊन गेली. त्या भोकात चिंधी राहू देणं तिला जमलं नाही.

जुन्या वस्तू तुमच्याकडे मागतात, की आम्हांला जपा, पुन्हा कामाला लावा. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या जनावरानं पाण्यावरून तोंड फिरवलं, तर त्याला समजावू नका. आधी तुम्ही वाका, हुंगा, आणि बोळासुद्धा काढून पाहा. आणि कधी कोणी दयेनं मला सरळ करायला आलं, तर त्याला अडवा. मला पालथीच राहू द्या, म्हणजे माझ्यात पुन्हा पाणी साठणार नाही. माझी शीळ अजून वाजते, आणि कुठलं तरी जनावर अजूनही तिच्यावर विश्वास ठेवेल.