जळालो मी, बोल लागला टिटवीला

मित्रांनो, मी जुना नाही, जुन्यासारखा आहे. मी गिटारचा ॲम्प्लिफायर. गिटारच्या तारेचा मुंगीएवढा आवाज घ्यायचा आणि तो खोलीभर करून द्यायचा, एवढंच माझं काम. पण माझ्या पोटात हल्लीच्या चिपा नाहीत. तुमच्या पणजोबांच्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह आहेत. स्विच दाबला की ते सावकाश तापतात, नारिंगी होतात, आणि मगच मी तोंड उघडतो. मला राग यायलाही असाच वेळ लागतो. पण एकदा तापलो की लवकर निवत नाही. आज मी तापलेलो आहे, हे आधीच सांगून ठेवतो. गोड गोष्ट हवी असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

मला आत्याने बनवलं. जळालेल्या पंख्यांचं आणि पाण्याच्या पंपांचं वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेची गुंडाळी, पुन्हा करून देणं हा तिचा धंदा. घराच्या पुढच्या खोलीत तिचं कामाचं टेबल, मागच्या दोन खोल्यांत संसार. तिच्याकडे तिची भाची राहते, शाळेसाठी. भाचीचे आईवडील कामानिमित्त लांबच्या गावी. वय वर्षं बारा, आवाज मोठा आणि तक्रारी त्याहून मोठ्या, म्हणून घरात तिला टिटवी म्हणतात.

टिटवी गिटार वाजवायची ती काकाच्या काळ्या स्पीकर-पेटीला जोडून. काका म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. कार्यक्रमांना स्पीकर आणि माइक भाड्याने देतो. त्याची पेटी दणकट, पण गिटार तिच्यातून अशी वाजायची, जणू डब्यात खडे घालून हलवावेत. एक दिवस टिटवीने गिटार खाली ठेवली आणि म्हणाली, "आत्या, हे रडतंय की गातंय?" आत्याने हातातला पंखा बाजूला केला. "थांब. तुला जिवंत बोलणारा करून देते."

मग तीन महिने माझा जन्म चालला होता. ॲल्युमिनियमचा पत्रा टेबलाच्या कडेवर ठेवून लाकडी हातोडीने वाकवला, तो माझा सांगाडा. मोडक्या कपाटाच्या फळ्यांची पेटी झाली. पुढे जुन्या पडद्याचं जाड कापड ताणून बसवलं, आणि त्यामागे बारा इंची स्पीकर. पण माझं काळीज म्हणजे ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्हचा जोर स्पीकरला सोसेल असा करून देतो तो हा. तो बाजारात मिळाला असता, पण आत्याने स्वतः गुंडाळला. केसासारख्या तारेचे दोन हजार आठशे वेढे, मध्ये मध्ये कागदाचे थर, आणि जाड तारेचे एकशे बारा. एक वेढा चुकला तर परत पहिल्यापासून. मोजताना ती कुणाशी बोलायची नाही. दूधवाल्याने दारातून "किती देऊ?" विचारलं, तर ही म्हणाली, "नऊशे सत्तर." बिचारा दोन पावलं मागे सरकला.

पहिल्यांदा मला वीज दिली, तेव्हा आत्याने डावा हात पाठीमागे धरला होता. टिटवीने विचारलं, "ऐट करतेस का?" आत्या म्हणाली, "ऐट कसली! दोन्ही हात आत असले आणि झटका बसला, तर वीज छातीतून जाते. एक हात मागे, म्हणजे जीव हातात." मग तिने टिटवीला समोर बसवून आणखी एक गोष्ट सांगितली, दोनदा सांगितली. स्पीकर जोडलेला नसताना मला चालू करून वाजवायचं नाही. माझा सगळा जोर स्पीकरमधून बाहेर पडतो. स्पीकर नसला की तो आतल्या आत उलटतो आणि वाइंडिंग फाडून काढतो. टिटवीने मान डोलावली. काका तेव्हा दारात उभा राहून फोनवर बोलत होता.

मी बोललो, मित्रांनो! टिटवीने एकच तार छेडली आणि गप्प बसली. ती गप्प बसली, यातच सगळं आलं. त्यानंतरचे सहा महिने माझे सुखाचे. शाळेतून आली की दप्तर एकीकडे, चपला दुसरीकडे, आणि ही माझ्यासमोर. पलीकडचा शिंपी मशीन थांबवून ऐकायचा. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात तिला एकटीला वाजवायला मिळालं होतं, आणि मीही तिच्याबरोबर जाणार होतो. आत्याने मला उचलायला वरून कातड्याचा पट्टासुद्धा बसवला.

कार्यक्रमाला आठ दिवस होते. दुपारी घरात कुणी नव्हतं. काका घाईघाईत आला. संध्याकाळी त्याचं कुठेतरी काम होतं आणि त्याच्या एका पेटीतला स्पीकर फाटला होता. त्याने माझी मागची फळी उघडली, दोन वायरी कापल्या, माझा स्पीकर काढला, फळी परत लावली आणि गेला. "उद्या आणून बसवतो, ताईला कळणारही नाही," असं स्वतःशीच म्हणाला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. पुढून माझं कापड जसंच्या तसं. आत मात्र पोकळ.

चारला टिटवी आली. गिटार जोडली, स्विच दाबला. आवाज नाही. तिने बटण थोडं फिरवलं. आवाज नाही. मग पूर्ण फिरवलं आणि सगळ्या तारांवर एकदम हात मारला.

मित्रांनो, मला तोंडच नव्हतं. सगळी किंकाळी आत फिरली आणि माझ्या काळजातले कागदाचे थर चरचर फाटत गेले. टिटवीला फक्त धूर दिसला. तिने झटकन प्लग ओढला. त्या पोरीने तेवढं शहाणपण दाखवलं, हे कुणीच नंतर बोललं नाही.

जळालेल्या वाइंडिंगचा वास आत्याला गल्लीच्या तोंडाशीच ओळखू येतो. ती धावत आत आली, माझ्यावर हात ठेवला, आणि तिचा चेहरा उतरला. "आवाज फुल ठेवला होतास?"

"हो, पण आवाजच..."

"फुल ठेवला होतास ना?"

"हो."

झालं. रागात असताना काम उघडायचं नाही, हा आत्याचा नियम. तिने माझ्यावर पोतं टाकलं आणि मला कोपऱ्यात सरकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टिटवी शाळेत आणि आत्या अंघोळीला गेली असताना काका आला, स्पीकर परत बसवला, वायरी पिळून टेप गुंडाळली. माझ्यावर पोतं का आहे, हे त्याने पाहिलंही नाही. मग चहाला बसल्यावर त्याला कळलं. आणि हा काय म्हणाला? "मी म्हणत नव्हतो, ताई? पोरांच्या हातात असल्या नाजूक वस्तू देऊ नयेत."

त्या क्षणी माझ्यात वीज असती ना, तर मी त्याचा कप उडवला असता!

टिटवीने कार्यक्रमातून नाव काढून घेतलं. गिटार कपाटावर गेली. घरात तिचा आवाज येईनासा झाला, आणि सगळे म्हणाले, पोरगी समजूतदार झाली. माझ्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा आला, मग इस्त्रीचे कपडे. येता-जाता ती माझ्याकडे बघायची नाही. मी दोन महिने तिथे उभा होतो आणि मला सगळं माहीत होतं. माहीत असून बोलता न येणं कसं असतं, ते देव करो आणि तुम्हाला न कळो.

मग एका रिकाम्या दुपारी आत्याने मला टेबलावर घेतलं. फळी उघडली आणि तिचा हात थांबला. स्पीकरच्या वायरीला कथील वितळवून पक्का डाग दिलेला नव्हता. लाल टेप होती, आणि टेपचं टोक दुमडलेलं. पुढच्या वेळी पटकन ओढून काढता यावं म्हणून स्पीकरभाडेवाले असं टोक दुमडतात. आत्या जन्मात तसं करत नाही. तिने काकाला फोन करून बोलावलं.

"हे कुणी जोडलं?"

"असेल कधीचं तरी."

"या घरात टेपचं टोक कोण दुमडतं रे?"

काका हसायला गेला, पण हसू काही जमलं नाही. "अगं, एका दिवसापुरता नेला होता. पण स्पीकर काढल्याने काय जळतंय? माझ्या पेट्या दिवसदिवस मोकळ्या, स्पीकरशिवाय, चालू असतात. मोकळं सोडलेलं त्यांना चालतं, वायरीला वायर चिकटलेली चालत नाही."

"तुझ्या पेट्यांना चालतं. व्हॉल्व्हवाल्याचं उलटं असतं."

"मला काय माहीत!"

"ते माहीत नव्हतं, ते सोडून दिलं. पण स्पीकर जागेवर नव्हता, हे माहीत होतं ना? पोरगी दोन महिने मान खाली घालून जेवतेय, ते दिसत नव्हतं?"

टिटवी दारात उभी होती. कधी आली कुणास ठाऊक. काका वळला, म्हणाला, "अगं टिटवे, गंमतच झाली बघ..."

"गंमत म्हणू नकोस," आत्या म्हणाली.

काका खाली बघत म्हणाला, "स्पीकर मी काढला होता. तू जाळलं नाहीस. मी जाळलं."

मला वाटलं, आता टिटवी रडेल किंवा काकावर तुटून पडेल. तिने काकाकडे पाहिलंच नाही. ती आत्याकडे बघत म्हणाली, "तुझ्याकडे जळका पंखा आला तर तू आधी काय करतेस?"

"कारण शोधते."

"मग माझ्या वेळी का नाही शोधलंस?"

मित्रांनो, दोन हजार आठशे वेढे न चुकता मोजणाऱ्या माझ्या आत्याने हातातला पेचकस खाली ठेवला. "चुकलं माझं," एवढंच ती म्हणाली. तिच्यावरही माझा राग आहे. जिने मला घडवलं, तिच्यावर. आणि तो मी लपवणार नाही.

माझं वाइंडिंग पुन्हा झालं. आत्याने मोजलं, काकाने सगळे कागद कापले, आणि टिटवीने एकालाही मदत केली नाही. कुणी तिला कर म्हटलंही नाही. तेवढी लाज दोघांना होती. मी परत बोलायला लागलो. चार दिवस ती आली नाही. पाचव्या दिवशी आली, माझी मागची फळी स्वतःच्या हाताने उघडली, स्पीकर आहे का पाहिलं, फळी लावली आणि मग स्विच दाबला. आता रोज तसंच करते. पूर्वी पळत येऊन वाजवायची, आता आधी वाकून बघते. वाजवते छान. पण ते वाकणं माझ्या डोळ्यांदेखत रोज होतं, आणि रोज माझे व्हॉल्व्ह जरा जास्तच तापतात.

म्हणून सांगतो. वस्तू जपा, धूळ पुसा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. मी वेगळं सांगतो. तुमच्या हातून काही मोडलं, तर त्याच दिवशी उठून सांगा, "मी मोडलं." आणि मोठं झाल्यावर तुमच्यासमोर एखादं पोर मान खाली घालून उभं राहिलं, तर त्याला पूर्ण बोलू द्या. टिटवीही "पण" म्हणाली होती. "पण"च्या पुढचं ऐका.