बास्केटजवळ कोण होतं

आमच्या कॉलेजच्या मुलींचा बास्केटबॉल संघ बचावात इतका मार का खातो, यावर प्राचार्यांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांनी अक्कल पाजळली. म्हणे दम नाही, जिद्द नाही, मुली सारख्या मोबाईलवर असतात. खरं कारण मला ठाऊक होतं. मी कॅप्टन होते.

आमच्या कोच मॅडम दर सोमवारी मॅचचा व्हिडिओ लावायच्या आणि समोरच्यांचा बॉल बास्केटमध्ये पडला की तिथंच थांबवायच्या. त्या क्षणी आमच्यातली जी बास्केटजवळ दिसेल ती दोषी. तिला मैदानाच्या वीस फेऱ्या.

बहुतेक वेळा शिडी दिसायची. शिडी म्हणजे आमची सगळ्यात उंच मुलगी. समोरच्यांतली मी जिला अडवायचे तीच मला चकवून सुटली, की शिडी आपली जागा सोडून मला सावरायला धावायची आणि अर्धं पाऊल उशिरा पोचायची. चोर सोडून संन्याशाला फाशी! व्हिडिओ पाच सेकंद मागे घेतला असता, तर चोर दिसला असता. मी मागच्या बाकावर बुटाची नाडी बांधत बसायचे.

बाकीच्या मुली शहाण्या. त्यांनी बास्केटजवळ जाणंच सोडलं. शिडीला मी एकदा म्हटलं, "तू कशाला मधे पडतेस गं?"

"मग काय, तुला एकटीला सोडू?"

लाज वाटली मला. पण कॅप्टनपद जास्त प्यारं होतं.

सहाव्या पराभवानंतर मॅडमनी तिला संघातून काढलं. हॉस्टेलची खोली संघातल्या मुलींनाच मिळायची आणि तिचं घर दिवसभराच्या प्रवासावर. खोली गेली म्हणजे कॉलेजही गेलं. तिचे काका सामान न्यायला आले, तेव्हा तिनं मलाच विचारलं, "माझं नेमकं काय चुकायचं गं?"

"नशीब," मी म्हणाले.

पुढची मॅच आम्ही चाळीस गुणांनी हरलो. सोमवारी मॅडमनी व्हिडिओ थांबवला, तर बास्केटजवळ आमची एकही मुलगी नव्हती. सगळ्या गेल्यावर मी थांबले.

"मॅडम, जरा मागे घ्या. बॉल टाकणारी माझ्या हातून सुटलीय. आधीच्याही माझ्याच हातून सुटायच्या. शिडीचा दोष नव्हता."

"माहीत आहे. घरी मी अख्खी मॅच बघते."

"मग?"

"कॅप्टनला सगळ्यांसमोर बोलले असते, तर संघ फुटला असता." त्यांनी लॅपटॉप बंद केला. "शिडी बिचारी काही बोलणार नाही, हे मलाही माहीत होतं आणि तुलाही."