बाबांचा माउथ ऑर्गन

“वाजवा बाबा, थांबू नका,” पुस्तकातून मान वर न काढता सिस्टर म्हणाली. “तुम्ही थांबलात की माझं डोकं थांबतं.”

बाबांनी माउथ ऑर्गन पुन्हा ओठांना लावला. ती शाळेत असल्यापासून हे असंच चाललं होतं. संध्याकाळी ती पाठांतराला बसायची आणि शेजारी बाबा तीच एक जुनी चाल वाजवायचे. आता ती इस्पितळात परिचारिका होती, अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणायची, पण सवय काही सुटली नव्हती. हेड सिस्टरच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती, आणि तिसरी संधी शेवटची होती. तरी बाई छातीठोकपणे सांगायची, की मला सगळं येतं, पेपर तपासणाऱ्यांनाच दिसत नाही.

तिचा नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. धुतलेली परीक्षानळीसुद्धा उजेडात धरून बघितल्याशिवाय जागेवर ठेवणार नाही, असा माणूस. तो म्हणाला, “या वाजवण्यानंच तुझं लक्ष उडतं. आपण एकदा तपासून बघू.”

“बघा की. तोंडावर पडाल.”

एका संध्याकाळी बाबा वाजवत असताना तिनं औषधांच्या मात्रांचा धडा पाठ केला. दुसऱ्या संध्याकाळी बाबांना फिरायला पिटाळून तेवढाच दुसरा धडा शांततेत केला. दोन्ही वेळा नवऱ्यानं लगोलग प्रश्न विचारले. शांततेतल्या धड्याला ती अडखळली. आदल्या दिवशी मात्र सगळं धडाधडा सांगून मोकळी झाली होती.

“काय हो, कोण पडलं तोंडावर?” जेवताना तिनं इतका भाव खाल्ला, की बिचाऱ्याला घास गिळवेना.

बाबा मात्र विचारात पडले होते. “जावईबापू, पहिल्या दिवशी तुम्ही प्रश्न विचारत होतात, तेव्हाही मी वाजवतच होतो ना?”

“हो. थांबा म्हणायचं मला सुचलंच नाही.”

“मग उद्या थांबतो.”

दुसऱ्या दिवशी सुरांच्या साथीनं तिचा नवा धडा झाला आणि बाबांनी माउथ ऑर्गन खिशात घातला. पहिलं उत्तर आलं. दुसऱ्याला ती बाबांच्या खिशाकडे बघू लागली. तिसरं ओठांवर येऊन अडलं ते अडलंच. “अहो, येतंय मला,” ती म्हणाली. दोन्ही परीक्षांत घोडं कुठे पेंड खात होतं, ते तिला लख्ख कळलं.

“परीक्षेच्या हॉलमध्ये मी कुठला असायला, पोरी?” बाबांनी माउथ ऑर्गन रुमालात गुंडाळला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. “निकाल लागेपर्यंत राहू दे तिथंच.”

“मागच्या खोलीत वाजवा ना.”

“कान इकडेच लावून बसशील. लहानपणापासून ओळखतो तुला.”

सुरुवातीला ती शांतता तिला खायला उठायची. पण हट्टी बाई ती. सगळा हिवाळा दात-ओठ खाऊन तिनं अभ्यास केला, आणि नाकावर टिच्चून पास झाली. निकाल कळला त्या दिवशी चपला न काढताच तिनं कपाट उघडलं आणि रुमाल बाबांच्या हातात ठेवला.

“घ्या, आता वाजवा.”

बाबांनी चाल धरली. अर्ध्यावर दम तुटला. पुन्हा धरली, पुन्हा तिथंच तुटला. रोज वाजवत होते तोवर वय लपलं होतं.

“छाती साथ देत नाही आता,” ते म्हणाले. नळाला पाणी नाही म्हणावं, इतक्या साधेपणानं.

तिला गलबलून आलं. पण ती काही रडत बसणारी नव्हे. बाबांच्या पायाशी बसून, सूर तुटला होता तिथून तिनं चाल गुणगुणायला घेतली. एकही जागा चुकली नाही. एवढं एकच तिनं कधी पाठ केलं नव्हतं. बाबा डोळे मिटून मांडीवर बोटांनी ताल धरत होते.

“इथं जरा सावकाश,” शेवटच्या वळणावर ते म्हणाले.

ती सावकाश झाली.