पास्टरच्या नावाने घेतलेली कार्डं

"चार वाजेपर्यंत कार्डांचे आकडे आले नाहीत, तर शेरीफची गाडी तुमच्या अंगणात उभी राहील, सिस्टर ओझेला." ब्रदर क्लेटन फोनवर असं म्हणाला तेव्हा मी कोलार्डच्या भाजीची पानं धूत होते. हातातली पानं गळून पडली.

"शेरीफ कशाला?" मी विचारलं.

"पिल्लू विमानतळावर अडकून पडलंय. कागदावर मालकीण तुम्ही. मुक्या जिवाला वाऱ्यावर सोडलं म्हणून वॉरंट निघतं. घर तुमच्या नवऱ्याच्या नावावर आहे ना? मग त्यांनाही नेतील."

नवरा, म्हणजे एमॉस, पलीकडे ओसरीवर बसला होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. सगळं मी त्याच्याचसाठी, त्याच्यापासून लपवून केलं होतं.

एमॉस आमच्या नेबो चर्चचा डीकन, म्हणजे पास्टरच्या हाताखालचा सेवेकरी. दर रविवारी पास्टर उठायच्या आधी तो स्तोत्राची एक ओळ म्हणायचा, आणि सगळं चर्च ती ओळ नदीसारखी लांबवत गायचं. फेब्रुवारीत त्याचा म्हातारा हाउंड कुत्रा गेला आणि याचा आवाजच बसला. घशाला काही झालं नव्हतं, मनच लागत नव्हतं. दिवसभर कुंपणाच्या कोपऱ्याकडे बघत बसायचा. जेवायला हाक मारली तर "भूक नाही गं" एवढंच.

म्हणून मी टॅबलेटवर पिल्लू शोधायला बसले. हाउंडची पिल्लं सगळीकडे आठशे डॉलरच्या पुढे. एकाच ठिकाणी तीनशेला होतं. वर बायबलचं वचन, खाली लांब कानांचं पिल्लू, आणि लिहिलेलं, 'प्रभूला मानणाऱ्या घरात वाढवलेलं'. मी म्हटलं, देवाने दार उघडलं!

फोन केला तर विकणारा क्लेटन पहिल्याच वाक्यात मला सिस्टर म्हणाला, आम्ही चर्चमध्ये एकमेकींना म्हणतो तसं. बँकेचा काही घोळ चाललाय, म्हणाला, तुम्ही दुकानातून गिफ्ट कार्ड घ्या, मागची पट्टी खरवडा आणि आकड्यांचा फोटो पाठवा. "काउंटरवर विचारलं तर सांगा, पास्टरसाठी आहेत. उगाच चौकशा करतात हो लोक."

तुम्ही म्हणाल, इथेच कळायला हवं होतं. पण आमच्यात कार्ड ही फार सोज्वळ गोष्ट. दर ऑक्टोबरला पास्टरचा वाढदिवस, म्हणजे ते आमच्या चर्चमध्ये आले तो दिवस, आम्ही साजरा करतो, तेव्हा त्यांना कार्डंच देतो. अंथरुणाला खिळलेल्यांना कार्ड, मयताच्या घरी जेवणाच्या डब्याबरोबर कार्ड. अकरा वर्षं ती पाकिटं मीच भरते. कार्ड पाहिलं की माझ्या नाकाला चर्चच्या लाकडाचा वास येतो. त्याने चोरी होते, हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. काउंटरवरच्या पोराला मी "पास्टरसाठी" म्हटलं, तो "गॉड ब्लेस यू, मॅम" म्हणाला, आणि झालं.

चार दिवसांनी क्लेटनचा पुन्हा फोन. उन्हाळा लागलाय, विमानात थंड हवेचा पिंजरा लागेल, आणखी पाचशे, पिल्लू पोचलं की परत. मी का-कू केली तसं म्हणाला, "चला, प्रार्थना करू." आणि फोनवरच सुरू झाला.

ती प्रार्थना मला टोचली. आमचे पास्टर बोलायला लागतात तेव्हा आधी शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलतात. मग हळूच शब्दाला सूर लागतो, सूर चढतो, आणि शेवटी प्रवचन बोललं जात नाही, गायलंच जातं. पण कितीही चढले तरी प्रत्येक ओळीमागे थांबतात. आम्ही "आमेन" म्हणतो, त्या आमेनवर पाय ठेवून ते वरची पायरी चढतात. मी त्या ओळींत माझी दुःखं ठेवून हलकी झालेली बाई आहे. क्लेटनच्या प्रार्थनेत मी मध्येच "आमेन" म्हटलं, तर तो ते तुडवून पुढे गेला. थांबायची जागाच नव्हती. मनात आलं, हा कुठल्या चर्चचा? पण डोळ्यांसमोर एमॉस, आणि मी पाचशेची कार्डं पाठवली.

आणि आता हे. शेरीफ.

शेरीफ म्हणजे इथला पोलीसप्रमुख, पण त्या शब्दाला आमच्या गावात वेगळं वजन आहे. मी नऊ वर्षांची होते. "दोन प्रश्न विचारायचेत" म्हणून शेरीफच्या माणसांनी माझ्या मामाला अंगणातून उचललं. अकरा दिवसांनी परत आला. त्यानंतर त्याची शीळ मी कधी ऐकली नाही.

"फोन ठेवायचा नाही," क्लेटन म्हणाला. आता आवाजात सिस्टर नव्हती. "पर्समध्ये ठेवा, चालू राहू द्या. हजाराची कार्डं घ्या. कुणाशी बोललात तर मला ऐकू येतं."

एमॉसला "दुकानात जाऊन येते" म्हटलं. त्याने मान हलवली. त्या मानेकडे मी वळून पाहिलं. वाटलं, परत येईन तेव्हा हा इथे असेल ना?

औषधांच्या दुकानात कार्डांची फिरती उभी जाळी आहे. मी अडीचशेची चार काढली. काढताना एक खाली पडलं. काउंटरवर तो पोरगा नव्हता. आमच्याच चर्चची सिस्टर व्हर्डेल होती. रविवारी पांढरे हातमोजे घालून दारात उभी राहते आणि लोकांना जागा दाखवते ती.

"काय गं ओझेला, एवढी कार्डं?"

"पास्टरसाठी. वाढदिवसाची."

"वाढदिवस? मे महिन्यात? पास्टर पुन्हा जन्मले की काय?"

मला हसता आलं नाही. व्हर्डेलचं हसू माझ्या तोंडाकडे बघून विरलं. मग तिची नजर माझ्या पर्सकडे गेली. आत फोनचा उजेड दिसत होता. तिने पावतीचा कागद फाडला, त्यावर लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवला. 'कुणी ऐकतंय? धमकी देतंय?'

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी मान हलवली.

व्हर्डेलने पर्समध्ये हात घातला आणि फोन कट केला.

"अगं काय केलंस!" मी किंचाळले. "तो पाठवेल त्यांना! एमॉस एकटा आहे घरी!"

"कुणाला पाठवेल? नीट बोल, बाई. श्वास घे."

मी सांगितलं. पिल्लू, पिंजरा, वॉरंट, चार वाजता. व्हर्डेलने चारही कार्डं उचलून काउंटरखाली टाकली. "ओझेला, हजार डॉलरला पोलीस परत फिरतात असं कधी ऐकलंयस? तेही कार्डांवर? पोलिसांना काय चपला घ्यायच्यात?"

"तुला थट्टा सुचतेय! आणि खरं असलं तर?"

"खरं असलं तर आपणच जाऊ तिथे. टोपी नीट कर. ॲप्रनमध्ये घरातून ओढून नेण्यापेक्षा, स्वतःच्या पायांनी गेलेलं बरं."

शेरीफची कचेरी चौकाच्या पलीकडे. सबंध आयुष्यात मी त्या फुटपाथवरून चालले नव्हते, समोरच्या बाजूने जायचे. व्हर्डेलने माझा दंड धरला होता, म्हणून पाय उचलत होते. कोर्टाच्या घड्याळात चाराला दहा कमी होती. दाराशी पोचल्यावर मी म्हटलं, "नको, व्हर्डेल, आपण घरी जाऊ." ती म्हणाली, "चल." आणि दार ढकललं.

आत एक जाडजूड डेप्युटी, शेरीफच्या हाताखालचा पोलीस, शेंगा सोलत बसला होता. व्हर्डेलनेच सांगितलं. त्याने नाव विचारलं, एमॉसचं विचारलं, घराचा पत्ता विचारला, आणि संगणकावर टाइप करू लागला. बोटं थांबली. तो पडद्याकडे बघत राहिला. ते क्षण मी कधी विसरणार नाही. मनात एकच होतं, देवा, मला ने, पण एमॉसला नको.

"काही नाहीये, मॅम," तो म्हणाला. "तुमच्या नावावर नाही, त्यांच्या नावावरही नाही. पार्किंगचा दंडसुद्धा नाही."

इतक्यात फोन वाजला. तोच नंबर. माझा हात आपोआप पुढे गेला आणि मागे आला. डेप्युटीने खुणेने सांगितलं, उचला, सगळ्यांना ऐकू येईल असं करा.

"फोन का ठेवला?" क्लेटन ओरडला. "डेप्युटी हॅरिस निघालाय! दोन गल्ल्यांवर आहे तुमच्या घरापासून! शेवटची संधी आहे!"

डेप्युटीने माझ्याकडे बघून मान नकारार्थी हलवली. "हॅरिस नावाचं इथे कुणी नाही," तो कुजबुजला.

खरं सांगते, तरीही मला भीती वाटली. तो माणूस समोर शेंगा घेऊन बसलेला, मला माहीत की सगळं खोटं आहे, तरी त्या आवाजासरशी मी दाराकडे पाहिलं. कसंबसं मी म्हटलं, "मी शेरीफच्या कचेरीत बसलेय. हॅरिसला इथे पाठव."

पलीकडे कुणीतरी श्वास घेतला. मग फोन कट झाला.

डेप्युटीने सगळं लिहून घेतलं. म्हणाला, "विकणारा प्रामाणिक असेल तर तो गिफ्ट कार्डाचे आकडे मागत नाही, मॅम. सरकार मागत नाही, विमानतळ मागत नाही. कार्ड भेट द्यायला असतं. त्याने बिल भरायला सांगणारा चोरच. आधी दिलेल्या कार्डांच्या पावत्या आहेत? कार्डामागच्या कंपनीच्या नंबरवर आत्ता फोन करा." पावत्या आणि कार्डं पर्समध्येच होती. मी फोन केला. पहिली रिकामी झाली होती. पाचशेतल्या एकावर अजून काही शिल्लक होतं, ते कंपनीने गोठवलं. मिळेल की नाही, सांगता येत नाही म्हणाले.

घरी एमॉस ओसरीवरच होता. मी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं, पास्टरच्या नावाने खोटं बोलले तेसुद्धा.

"पिल्लू नव्हतंच?"

"नव्हतंच. फोटो होता फक्त."

"आणि तू एकटीच घाबरत बसलीस? मी इथे, दहा पावलांवर?"

कोपऱ्यावरून एक गाडी वळली. आम्ही दोघंही ताठ झालो. गाडी पुढे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी फोन वाजला. नवीन नंबर. मी अजाणता उचलला. गोड आवाजाची बाई म्हणाली, "मॅम, आम्ही फसलेल्या लोकांचे पैसे परत मिळवून देतो. फक्त सुरुवातीची फी एका कार्डावर..." मी फोन ठेवला. लगेच परत वाजला.

एमॉसने खुर्ची माझ्याजवळ ओढली. फोन टेबलावर थरथरत सरकत होता. आम्ही दोघं एकमेकांचा हात धरून, तो थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसलो.