तिसरा बिल्ला

बाटल्यांना झाकणे लावण्याच्या विभागात चाळीस बायका होत्या आणि भिंतीवरच्या दोन खिळ्यांना लाकडाचे दोन बिल्ले. जिला स्वच्छतागृहात जायचे असेल तिने बिल्ला गळ्यात अडकवायचा, परत आल्यावर जागच्या जागी लावायचा. खिळे रिकामे असले तर ताटकळत बसायचे. हा नियम कंपनीने तीन महिन्यांपूर्वी आणला, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्याचे काम तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या गळ्यात पडले. त्याआधी सहा वर्षे तो याच विभागातल्या सरकत्या पट्ट्याच्या टोकाला उभा राहून खोकी चिकटवीत असे. तेव्हा बायका त्याला भाऊ म्हणत. आता साहेब म्हणत, आणि म्हणताना एकमेकींकडे पाहत. त्याला इथे कामाला लावणारी त्याची सख्खी बहीणही त्यांतलीच.

मंगळवारी त्याला दिसले की दोघीजणी बिल्ले घालून बाहेर गेल्या आहेत, आणि तरीही एक बिल्ला खिळ्याला आहेच. आपणच मोजायला चुकलो असू, असे वाटून त्याने मान वळवली. पुन्हा पाहिले. बिल्ला होता. रंगाने जरा उजळ, कडा अजून न झिजलेल्या.

जेवणाच्या सुट्टीत त्याने बहिणीला गाठले.

"ताई, बिल्ले किती आहेत?"

"साहेब तू. तुलाच ठाऊक."

"मला तीन दिसतात."

"या वयात माणसाला मुली दिसतात," ताईच्या शेजारची म्हणाली. तिला सातवा महिना लागला होता आणि जीभ तिची पूर्वीइतकीच चपळ होती. "ह्याला बिल्ले दिसायला लागले. घरी कळवा कुणीतरी."

सगळ्या हसल्या. ताई डबा बंद करीत हळूच म्हणाली, "सुतारकाकांकडून मीच करून घेतला. दोन महिने झाले. हिची अवस्था बघतोस ना? दोनांवर कसं भागायचं?"

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तुला काहीतरी ठरवावं लागलं असतं. आणि ठरवणं तुला कधी जमलंय?"

हे खोटे नव्हते. निवडणूक तोंडावर आली होती. फाटकाबाहेर दोन्ही पक्षांची पत्रके शेजारी शेजारी लावलेली होती. कारखाने वाढले तर कामगार जगेल, असे एकात म्हटले होते, तर कामगार जगला तर कारखाने वाढतील, असे दुसऱ्यात. तो रोज दोन्ही वाचे, दोन्ही त्याला पटत, आणि घरी पोहोचेपर्यंत कोणते वाक्य कोणाचे हे त्याच्या लक्षातून गेलेले असे.

गुरुवारी मुख्य कार्यालयातून एक अधिकारी बाई आल्या. त्या दरडावून बोलल्या असत्या तर त्याला सोपे गेले असते. पण त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली आणि पाणी हवे का, असे विचारले.

"बिल्ले आणल्यावर पहिल्या महिन्यात तुमच्या विभागाचं काम घसरलं होतं," समोरच्या कागदावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "नंतर मात्र रोज ऐंशी खोकी जास्त निघताहेत. बिल्ल्यांची शिस्त अंगवळणी पडलेली दिसते. पुढच्या महिन्यापासून एकच बिल्ला ठेवून बघायचा विचार आहे. तुम्हाला काय वाटतं?"

त्याला काय वाटत होते, हे त्याला शोधूनही सापडेना. तीन आहेत म्हणावे, तर तिसरा कोणी केला हा प्रश्न आलाच, आणि ताईची नोकरी गेली. मूग गिळून बसावे, तर चाळीस जणींना एक बिल्ला. खोलीच्या काचेपलीकडे ताईच्या शेजारची ती गरोदर बाई रिकाम्या खिळ्यांपाशी उभी होती. शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेत होती.

"बिल्ले तीन आहेत," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "खोकी वाढली ती त्यामुळे. तिसरा मी करून घेतला."

"तुमच्याकडे हे देखरेखीचं काम येऊन तीनच आठवडे झालेत."

"त्याआधीच केला होता."

बाईंनी कागद बाजूला सारून त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत अविश्वास होता की दया, हे त्याला उमगले नाही.

"तीन राहू देत," त्या म्हणाल्या. "पण विनापरवानगी केलंत, हे मला लिहावं लागेल."

दुपारी तो पुन्हा पट्ट्याच्या टोकाला खोकी चिकटवीत होता.

सुटल्यावर ताई फाटकाशी थांबलेली दिसली. ती काहीतरी मायेचे बोलेल, अशी एक भाबडी आशा त्याच्या मनात होती.

"तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?"

"तुझी नोकरी गेली असती, ताई."

"माझ्या एकटीची कशी गेली असती? शनिवारी आम्ही सगळ्या मिळून जाणार होतो, बिल्लेच नकोत म्हणून सांगायला. सगळ्यांच्या सह्या झाल्यात. आता ते म्हणतील, तीन दिलेत की, आणखी काय पाहिजे."

"मला काय माहीत."

"तुला कसं माहीत असणार? तू साहेब होतास." तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "आता नाहीस. कर सही."

त्याने अर्ज वाचला. मग पुन्हा वाचला. त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता. सकाळी आपण केले तेही बरोबरच होते, असे त्याला अजून वाटत होते. मग ही दोन बरोबर एकमेकांच्या आड कशी आली?

"वाचतोस काय एवढं?" ताई म्हणाली. "तू सही केली नाहीस तरी आम्ही जाणारच आहोत."

त्याने कागद भिंतीला टेकवून सही केली. भिंत खडबडीत होती. उमटलेले नाव इतके वेडेवाकडे दिसले की ते आपलेच आहे ना, हे त्याला जवळ वाकून पाहावे लागले.