कापरी रेघ

क्राउटर नावाच्या जर्मन माणसाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. एकोणिसाव्या शतकातला आर्किटेक्ट, कधीच मरून गेलेला. पण मिहानमधल्या आमच्या कंपनीला त्याचे जुने नकाशे संगणकावर उतरवायचं काम मिळालं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. तेव्हापासून सख्ख्या माणसांपेक्षा त्याचीच संगत जास्त.

नकाशांवरून माणूस कळतो. तरुणपणी त्यानं टाउन हॉल काढला, भलंमोठं चर्च काढलं. रेघ कशी एका दमात ओढलेली. टाउन हॉल बांधायला मिळाला दुसऱ्याच कुणाला. मग शाळा, दवाखाने, धान्याची कोठारं. शेवटी तर स्वतःच्या घरामागचं कोंबड्यांचं खुराडं. त्या खुराड्याची रेघ कापत होती. मी ती सरळ केली. म्हातारपणची सगळीच चित्रं सरळ केली. वाकडं दिसलं की सरळ करायचं, याचाच तर मला पगार मिळतो.

सोमवारी जर्मनीहून ती सगळी परत आली. हा आमचा क्राउटर नाही, त्याचा हात कापत होता तसाच दिसू द्या, असा निरोप. मला रागानं रडू आलं. इतकी डोळेफोड केली ती पाण्यात गेली.

घरी मी आणि बाबा, दोघंच. बाबांचाही जन्म पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात गेला. आता त्यांचे हात कापतात. ते सुरू झाल्यापासून बाबा कुणासमोर जेवत नाहीत, माझ्यासमोरही नाही. ताट खोलीत न्यायचं, दार लावून घ्यायचं. अर्धं अन्न परत येतं. वाळून पार चिपाड झालेत, आणि विचारलं की म्हणतात, भूक नाही. मला त्यांची काळजी वाटते आणि कंटाळाही येतो, दोन्ही खरं.

त्या संध्याकाळी मी लॅपटॉप उघडून नुसतीच बसले होते.

"काहून तोंड पाडून बसली वं, चारू?"

"एका म्हाताऱ्याचा हात कापत होता, बाबा. त्याची रेघ मी सरळ केली, तं आता कापरीच पाहिजे म्हणून राहिले."

"कापरीच पाहिजे?"

"हो. तशीच्या तशी."

बाबांनी चष्मा लावला, मूळ चित्र दाखव म्हणाले. खुराड्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"खाली सही बी केली त्यानं," ते म्हणाले. "मले तं चारचौघांत सही कराची बी लाज वाटते."

मी स्वयंपाकघरात गेले, वरण-भात आणि भिवापुरी मिरचीची चटणी वाढली, आणि नेहमीसारखी त्यांच्या खोलीकडे निघाले.

"तिकडं नको नेऊ," बाबा म्हणाले. "इथंच ठेव. तुयंही घे."

आम्ही समोरासमोर बसलो. पहिला घास तोंडापर्यंत पोचला. दुसरा अर्धा सांडला, वरण सदऱ्यावर ओघळलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फडकं माझ्या बाजूलाच होतं आणि डावा हात सवयीनं तिकडे निघालाही होता. मी तो मांडीखाली दाबून धरला आणि जेवत राहिले.