गोजरबाईचा शेअर
"कुठं चालली, गोजरबाई? आज जीन बंद हाय," फाटकावरच्या पहारेकऱ्यानं काठी आडवी धरली.

"ठावं हाय मले. मीटिंगला आले." गोजरबाईनं पदराची गाठ सोडून चार घड्यांचा कागद पुढं केला.

पहारेकऱ्याला हसू आलं. तेवढ्यात बंडोपंत कारकून बाहेर आले. "सोड त्यांना आत. कंपनीच्या भागीदार आहेत त्या."

एरवी बंडोपंत तिला अगंतुगं करत. आजचं 'त्या' ऐकून गोजरबाईला उगीचच डोक्यावरचा पदर पुढं ओढावासा वाटला.

साल एकेचाळीस. हिंगोलीच्या या जिनात ती अठरा वर्षं सरकी काढायच्या यंत्रात कापूस घालत होती. मूळची हट्टा गावची, नवरा गेलेला, पोटी लेकरू नाही. कापसाची धूळ छातीत बसून खोकला लागला होता. दोन वर्षांपूर्वी नवी यंत्रं घ्यायला कंपनीनं शेअर काढले, निजामाच्या पन्नास हाली रुपयांना एक. नोटीस वाचणाऱ्या बंडोपंतांना तिनं विचारलं होतं, "म्हंजे काम न करता बी पैसे येत्यात?"

"नफा झाला तर दरसाल येतात. नाही झाला तर नाही."

हात थकल्यावर आपल्याला कोण खाऊ घालणार, हा घोर तिला बरेच दिवस होता. तिच्याजवळ वीसच रुपये होते. उरलेले तीस शेजारच्या यंत्रावरच्या रूपाबाईनं दिले, लेकीच्या, जिवनच्या लग्नासाठी साठवलेले. गोजरबाईनं वर्षाला दोन रुपये व्याज कबूल केलं.

पहिल्या वर्षी चार रुपये नफा मिळाला. दोन तिनं रूपाबाईच्या हातावर ठेवले. उरलेल्या दोनांत दोघी बैलगाडीनं औंढ्याला गेल्या, नागनाथाचं दर्शन घेतलं, पोटभर जिलबी खाल्ली. "मालकिणीसंग आले बाई मी," म्हणून रूपाबाई वाटभर तिला चिडवत होती.

आणि आज ही दुसऱ्या वर्षाची मीटिंग, तिची मात्र पहिलीच. खुर्च्यांवर सगळे पुरुष. बंडोपंतांनी तिला स्वतःचं स्टूल दिलं आणि आपण उभ्यानं वही धरली.

चेअरमन म्हणाले, "लढाईमुळे परदेशी गिऱ्हाईक तुटलं. तरीपण भागीदारांचा डिव्हिडंड कमी करायचा नाही, चार रुपये कायम. त्यासाठी कामकरी बायांची मजुरी पाच आण्यांवरून चार आणे करावी लागेल. मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. गोजरबाईचे दोन्ही हात मांडीवरच राहिले.

"बाई, समजलं नाही का? तुमचा फायदाच आहे यात," पुढच्या खुर्चीवरचे गोपीचंदशेठ मागं वळून म्हणाले.

ती उठली. "समजलं, शेठ. माजा आना गेला तर जाऊ द्या. पर ज्या बाईनं मले ह्या कागदासाठी पैसे देले, ती बी हितंच कामाला हाय. तिच्याच रोजातला आना कापायचा अन् त्योच तिला व्याज म्हनून द्यायचा? कोन्त्या तोंडानं देऊ?"

मग चेअरमन म्हणाले, "लिहा, एक विरोध." ठराव मंजूर झाला.

'एक विरोध' एवढं लिहून भागलं असतं. बंडोपंतांनी सावकाश पूर्ण लिहिलं: श्रीमती गोजरबाई सोनाजी, मूळ राहणार हट्टा. मग ओळ तिच्यापुढं धरली. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं ती बघितली.

आठवड्याच्या आत तिनं तो शेअर गोपीचंदशेठला बेचाळीस रुपयांना विकला आणि तीस रुपये घेऊन रूपाबाईचं घर गाठलं.

"ईकलास? काहून ईकलास?" रूपाबाई कडाडली. "मी मागितले व्हते का पैसे? आता म्हातारपनी काय खाशील?"

"त्या कागदाचं खाल्लेलं पचलं नसतं, रूपा."

रूपाबाई बराच वेळ चुलीतलं लाकूड उगीच मागंपुढं करत बसली. मग तिच्याकडं न बघताच म्हणाली, "मंग थकलीस की हितं यायचं. दुसरीकडं गेलीस तर बघ."

वैशाखात जिवनचं लग्न झालं. उरलेल्या बारा रुपयांतून गोजरबाईनं मावशी म्हणून तिला हिरवं लुगडं नेसवलं. मजुरीचा कापलेला आणा लढाई संपली तरी परत मिळाला नाही.

सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात तिला यंत्रापुढं उभं राहवेना. रूपाबाई स्वतः गेली आणि तिचं बोचकं डोक्यावर घेऊन आली. गल्लीत कुणी विचारलं तर सांगायची, "माजी भैन हाय."

रूपाबाईचं काम चालूच होतं. दिवस मावळायच्या सुमारास ती घरी येऊन उंबऱ्यावर टेकायची. गोजरबाई मागं बसून तिच्या केसांत अडकलेला कापूस एकेक तंतू करून वेचायची. पूर्ण वेचून होईपर्यंत रूपाबाई मान हलवत नसे.